चित्रं नीट दिसावीत, अक्षरं नीट वाचता यावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला राहते आणि जलरंगात काम करते. गोदाकाठ, पंचवटीतली देवळं, सिन्नरचं गोंदेश्वर, अंजनेरीचा डोंगर आणि पावसाळ्यात फुगलेली नदी हे माझे विषय. हे संकेतस्थळ मी आणि माझा भाचा मिळून सांभाळतो. चित्रं मी काढते, मजकूर मी लिहिते, आतली तांत्रिक बाजू तो बघतो.

साइट सुरू झाल्यापासून चित्रांबद्दल जितके फोन आले, जवळजवळ तितकेच "अक्षरं लागत नाहीत", "निळा जांभळा दिसतोय", "चित्र उघडतच नाही" असे आले. प्रत्येकाला फोनवर समजावताना जे उपाय खरोखर लागू पडले, ते इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. तांत्रिक शब्द लागतील तिथेच वापरले आहेत.

तुमची साइट बघायला कोणता ब्राउझर चांगला?

तुमच्या हाताखालचा आहे तोच. क्रोम, फायरफॉक्स, सफारी किंवा एज, यातला कुठलाही चालेल. अट एकच, तो अद्ययावत असावा. साइट नीट दिसत नाही असं कुणी कळवलं की मी आधी विचारते, "ब्राउझर शेवटचा कधी अपडेट केलात?" पुष्कळदा उत्तर तिथेच सापडतं.

नावं दहा असली तरी पान मांडून दाखवणारी इंजिनं आज मुख्यतः तीनच आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि सॅमसंग इंटरनेट यांच्या पोटात क्रोमियमचं इंजिन आहे. एजचं पूर्वी स्वतःचं होतं, जानेवारी २०२० पासून तोही क्रोमियमवर आला. फायरफॉक्सचं इंजिन गेको, सफारीचं वेबकिट. त्यामुळे "क्रोममध्ये बिघडलं म्हणून एजमध्ये बघितलं, तिथेही तेच" असं झालं तर नवल नाही, दोघांचं घराणं एकच. खरंच ताडून बघायचं असेल तर क्रोम आणि फायरफॉक्स अशी जोडी घ्या.

आयफोनवर आणखी एक गोष्ट आहे. भारतात आयफोनवरचा क्रोम काय आणि फायरफॉक्स काय, आतून दोन्ही वेबकिटवरच चालतात. ॲपलचा तसा नियम आहे. २०२४ मध्ये युरोपीय संघात त्यात सूट मिळाली, आपल्याकडे नाही. म्हणून आयफोनवर ब्राउझर बदलून फारसा फरक पडत नाही, सेटिंग बदलून पडतो.

नवीन पान चढवलं की भाचा ते तिन्ही इंजिनांत उघडून बघतो. माझी स्वतःची आवड विचाराल तर संगणकावर फायरफॉक्स. त्यात देवनागरीसाठी फॉन्ट आणि अक्षराचा किमान आकार वेगळा ठरवता येतो. मराठी वाचणाऱ्याला याची किंमत कळते.

आमच्याकडे जुना संगणक आहे, विंडोज ७ चा. त्यावर उघडेल का?

उघडेल. क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ११० पासून विंडोज १० लागतं. अशा संगणकावर मी फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची, दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती टाकायला सांगते. इंटरनेट एक्स्प्लोरर मात्र नको. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी त्याला निवृत्त केलं आणि आमच्या साइटवरची चित्रांची मांडणी त्यात विस्कटते. आणि त्या जुन्या संगणकावर चित्रं बघा, बँकेचे व्यवहार करू नका.

अक्षरं बारीक दिसतात. मोठी कशी करायची?

संगणकावर कंट्रोलची कळ दाबून ठेवा आणि अधिकचं चिन्ह दाबा. एकदा, दोनदा, हवं तितक्यांदा. लहान करायला कंट्रोल आणि उणे, मूळ आकारावर यायला कंट्रोल आणि शून्य. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. कोणत्या साइटला किती मोठं केलं होतं ते ब्राउझर लक्षात ठेवतो, म्हणजे हे एकदाच करावं लागतं.

अँड्रॉइडवर क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांवर जा, सेटिंग्ज उघडा, त्यात ॲक्सेसिबिलिटी. तिथे अक्षरांचा किंवा झूमचा आकार वाढवायची पट्टी मिळते. आयफोनवर सफारीत पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर बोट ठेवलं की लहान आणि मोठा ए दिसतो, त्यातल्या मोठ्यावर दाबत राहा.

आता हे लिहिते आहे ते का, तेही सांगते. या साइटचं पहिलं रूप आम्ही एका व्यावसायिकाकडून करून घेतलं होतं. दिसायला देखणं होतं: पांढरंशुभ्र पान, त्यावर केसासारखी बारीक, फिकट राखाडी अक्षरं. मलाही आवडलं होतं. मग एक दिवस जेल रोडला राहणारे, निवृत्त झालेले मराठीचे एक सर घरी आले. बरोबर नातवाचा लॅपटॉप होता. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं, स्क्रीनला जवळजवळ टेकवलं आणि सुंदरनारायणाच्या देवळावर मी लिहिलेला परिच्छेद ओळीओळीने वाचायला लागले. 'सुंदरनारायण' हा शब्द आला तिथे थांबले आणि म्हणाले, "बाई, अनुस्वार आहे की स्क्रीनवरची धूळ, ते कळत नाही हो." मला फार लागलं ते. ज्या माणसाला वाचायची इतकी असोशी आहे, त्याच्या वाटेत माझंच पान आडवं आलं होतं.

त्यानंतर आम्ही सगळं बदललं. लिखाणाच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ असावं असं सांगितलं आहे. आमचं जुनं राखाडी अक्षर मोजलं तर जेमतेम २.८ भरलं. आताचं गडद तपकिरी अक्षर फिकट दुधाळ पानावर १२ च्या पुढे जातं. अक्षराचा आकारही वाढवला. ब्राउझरचा नेहमीचा आकार १६ असतो. तो रोमन लिपीला पुरतो, देवनागरीला नाही. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार एवढ्यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे त्याच आकारात मधलं अक्षर आक्रसतं. म्हणून आम्ही २० ठेवला आहे आणि दोन ओळींमधलं अंतर सैल सोडलं आहे, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढत नाही.

सर आता भिंगाशिवाय वाचतात. तरीही कुणाला लहान वाटलं तर अवश्य कळवा.

काही शब्द तुटलेले किंवा चौकोन आल्यासारखे दिसतात. असं का?

चौकोन दिसतात म्हणजे तुमच्या यंत्रात ते अक्षर असलेला फॉन्टच नाही. हल्ली हे क्वचित होतं. विंडोजवर पूर्वी मंगल होता, विंडोज ८ पासून निर्मला आला, अँड्रॉइडवर नोटो असतो. शिवाय आमचा फॉन्ट पानासोबतच तुमच्याकडे येतो. नेट मंद असेल तर क्षणभर दुसरं वळण दिसतं आणि मग अक्षरं बदलतात. तो दोष नाही, फॉन्ट वाटेत होता, एवढंच.

तुटलेल्या शब्दांची गोष्ट मात्र बारकाईने सांगण्यासारखी आहे, कारण तिचा माझ्या चित्रांशीच संबंध येतो. गोदाकाठाची चित्रं म्हटली की 'पायऱ्या' हा शब्द पावलोपावली येणार. त्यातला तो अर्धा र, पापणीसारखा आडवा, ही मराठीची खास खूण आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. रफार की पापणी, एवढ्यावर अर्थ ठरतो. संगणकात हा शब्द दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत ऱ हे नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेलं अक्षर वापरून त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून पानात 'पायऱ्या' शोधलं आणि मिळालं नाही, तर तुमच्या कीबोर्डची रीत आणि माझी रीत वेगळी असण्याची शक्यता आहे. आम्ही साइटभर पहिली रीत पाळली आहे. कारण मजकूर एका ॲपमधून दुसरीकडे चिकटवताना ते अदृश्य चिन्ह कधीकधी गळून पडतं आणि पायरीच्या डोक्यावर रफार चढतो.

ल आणि श यांचंही तसंच. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ही वळणं ठरवून दिली. पुष्कळशा फॉन्टमध्ये मुळात हिंदीची वळणं असतात आणि मराठीची वेगळी साठवलेली असतात. पान मराठीत आहे असं ब्राउझरला स्पष्ट सांगितलं तरच तो मराठी वळण उचलतो. आम्ही ते सांगितलं आहे. तरी जुन्या ब्राउझरला ते कळत नाही आणि तो हिंदी ल दाखवतो. वाचायला अडचण नाही. पण शाळेत ज्या वळणाचा ल गिरवला तोच पानावर असावा असं मला वाटतं.

साइट उघडली की ब्राउझर "भाषांतर करू का?" विचारतो. हो म्हणू का?

मराठी येत असेल तर नको. तुमच्या फोनची भाषा इंग्रजी असली की क्रोम असं विचारतो. त्या चौकटीतच मराठीचं भाषांतर कधीही करू नका असा पर्याय असतो, तो एकदा निवडून टाका.

भाषांतरात लेखाचा आशय बराचसा पोचतो, चित्रांची नावं मात्र पार बिघडतात. एका मैत्रिणीच्या फोनवर माझा 'दुतोंड्या मारुती' इंग्रजीत गेला तेव्हा दगाबाज माणसाला लावतात ते विशेषण त्याला चिकटलं होतं. ज्या मारुतीकडे बघून सगळं नाशिक पुराची पातळी सांगतं, त्याच्या नावाचं असं व्हावं हे मला सहन होईना. आता चित्रांच्या नावांना "याचं भाषांतर करू नये" अशी खूण आतून लावली आहे. मराठी न येणाऱ्यांसाठी प्रत्येक चित्राखाली इंग्रजीत मी स्वतः दोन ओळी लिहिते.

तुमच्या चित्रातले रंग माझ्या फोनवर वेगळे आणि मुलाच्या फोनवर वेगळे दिसतात. खरे कोणते?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा.

आधी ब्राउझरची बाजू. प्रत्येक चित्राच्या फाइलमध्ये आम्ही रंगांची एक प्रमाणपट्टी जोडलेली असते. तिचं नाव एसआरजीबी. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती ठरवली. अद्ययावत क्रोम, सफारी, फायरफॉक्स आणि एज ती वाचतात आणि पाळतात. म्हणजे रंगाचा दोष ब्राउझरकडे फार कमी वेळा जातो. तो बहुतेक वेळा स्क्रीनच्या सेटिंगमध्ये असतो.

एक उदाहरण घेऊ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हाचं माझं एक चित्र साइटवर आहे. पाणी दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलंय ते बघायला लोक जमले आहेत आणि नदी गढूळ, चहात दूध जरा कमी पडावं तशा रंगाची. तो रंग मी यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि किंचित अल्ट्रामरीन मिसळून केला होता. अल्ट्रामरीन अशासाठी की पुराच्या पाण्यात आभाळाचा करडेपणा असतो. नुसती माती नसते. गंगापूर रोडवरच्या एका कुटुंबाने फोनवर ते चित्र बघून पसंत केलं. चित्र घरी गेलं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, "ताई, फोनमध्ये पाणी केशरी होतं, हे तर मळकट आहे." मी त्यांच्याकडे गेले. फोन आणि चित्र खिडकीशी शेजारी शेजारी धरलं. त्यांच्या फोनवर दोन गोष्टी चालू होत्या: रंग भडक करणारा स्क्रीन मोड आणि डोळ्यांना आराम म्हणून निळा प्रकाश कमी करणारा फिल्टर. पहिल्याने माती केशरी केली आणि दुसऱ्याने मी जपून घातलेला निळसर करडा पुसून टाकला. दोन्ही बंद केले तसं फोनमधलं पाणी कागदावरच्या पाण्याच्या जवळ आलं. घरातल्या आजी एवढंच म्हणाल्या, "हां, आता आपली गंगा दिसली." चित्र त्यांच्याकडेच राहिलं.

म्हणून चित्र बघण्याआधी हे करा:

- निळा प्रकाश गाळणारं सेटिंग बंद करा. विंडोज आणि पुष्कळ अँड्रॉइड फोनवर त्याला नाइट लाइट म्हणतात, ॲपलवर नाइट शिफ्ट, सॅमसंगवर आय कम्फर्ट शील्ड. ते संध्याकाळी आपोआप सुरू होतं, हे विसरायला होतं.
- आयफोन किंवा आयपॅडवर ट्रू टोनही तेवढ्यापुरतं बंद करा. खोलीतल्या दिव्यानुसार ते पांढऱ्याची छटा बदलत असतं.
- सॅमसंगवर डिस्प्लेमध्ये स्क्रीन मोड असतो, तिथे व्हिव्हिडऐवजी नॅचरल निवडा. इतर फोनवर नाव वेगळं असेल, पण 'स्टँडर्ड' किंवा 'नॅचरल' दिसलं की तेच घ्या.
- उजेड मध्यम ठेवा. फार कमी ठेवलात तर काळाराम मंदिराच्या दगडातल्या छटा एकमेकींत मिसळून काळा गठ्ठा होतो.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं जास्त बोलते. आपल्याकडचा काळा दगड काळा नसतोच. त्यात जांभळट, हिरवट, पावसानंतर निळसर छटा असतात. मी तो ट्यूबमधल्या काळ्या रंगाने कधीच रंगवत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून करते आणि ओल्या कागदावर ते दोन रंग जरासे फुटू देते. गोंदेश्वराच्या चित्रांत सगळी मजा त्या फुटण्यात आहे. स्क्रीन मंद असली की नेमकी तीच दिसेनाशी होते.

हे सगळं करूनही एक मर्यादा उरते. फिरोजी छटेचे काही रंग एसआरजीबीच्या कक्षेत बसतच नाहीत. कोबाल्ट टर्कॉइज त्यातलाच. गंगापूर धरणाच्या हिवाळी पाण्यासाठी मी तो वापरते. स्क्रीनवर तो थोडा निवलेलाच दिसणार. तेवढ्याच चित्रांखाली मी तशी टीप लिहिली आहे.

डार्क मोड ठेवला तर चालेल?

लेख वाचायला जरूर ठेवा, चित्रं बघायला नको.

काही ब्राउझर, सॅमसंग इंटरनेट त्यातलाच, हलक्या रंगाचं पान स्वतःहून काळं करून दाखवतात. चित्राला बहुधा हात लावत नाहीत. पण चित्राच्या आजूबाजूचं पान काळं झालं की चित्रही बदलतं, फाइलमधला एकही ठिपका न बदलता. तोच करडा रंग काळ्यावर ठेवला तर उजळ दिसतो आणि पांढऱ्यावर ठेवला तर गडद. हे डोळ्याचं काम आहे आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी करड्या कागदाचे तुकडे कापून याचा अभ्यास करावा लागतो. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदाचा पांढरा राखून ठेवतात. भोवती काळं आलं की तो राखलेला पांढरा दिव्यासारखा डोळ्यावर येतो आणि धुक्याचं चित्र उन्हाचं होऊन बसतं.

फ्रेम करताना आपण चित्राभोवती दुधाळ माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, लावतो. साइटच्या पानाचा रंग मी घरातल्या माउंटबोर्डाचा तुकडा समोर ठेवून निवडला आहे. डार्क मोडमध्ये तो माउंटच निघून जातो.

इन्स्टाग्रामवरून लिंक उघडली तर पान अर्धवटच दिसतं.

इन्स्टाग्राम आणि फेसबुक लिंक आपल्याच पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडतात. तिथे तुमचं झूम, फॉन्ट, काहीच लागू होत नाही. कोपऱ्यातली तीन टिंबं दाबा आणि बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा हा पर्याय घ्या.

आणि व्हॉट्सॲपवर कुणी चित्राचा फोटो पाठवला असेल तर तो बघून मत बनवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाठवताना फोटो दाबून लहान केला जातो. जलरंगातले मऊ उतार, म्हणजे आभाळ वरून खाली फिकट होत जातं ते, दाबल्यावर पायऱ्यापायऱ्यांसारखे तुटतात. पाठवायचंच असेल तर एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सगळ्यात बरं म्हणजे लिंकच पाठवा.

आमच्याकडे नेट मंद आहे. चित्रं यायला वेळ लागतो.

पेठ-सुरगाण्याकडून असे निरोप येतात, म्हणून प्रत्येक चित्र आम्ही तीन आकारांत ठेवलं आहे. फोनला लहान जातं, मोठ्या स्क्रीनला मोठं. फाइल वेबपी प्रकारची असते. त्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा ती साधारण पाव ते एक तृतीयांश हलकी होते. शिवाय तुम्ही खाली सरकाल तसतशी चित्रं येतात, सगळी एकदम येत नाहीत. रिकामी चौकट दिसली तर दोन क्षण थांबा, लगेच रिफ्रेश केलंत तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

डेटा वाचवणारे ब्राउझर, उदाहरणार्थ ऑपेरा मिनी, चित्रं स्वतःच्या सर्व्हरवर दाबून मग तुमच्याकडे पाठवतात. लेख वाचायला उत्तम. चित्रांसाठी त्यातल्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा 'हाय' करा, नाहीतर कागदाचा पोत दिसणार नाही.

चित्र जवळून बघता येतं का?

हो. फोनवर दोन बोटांनी ताणा. संगणकावर चित्रावर एकदा क्लिक करा, मोठी फाइल उघडते. ती शांतपणे बघा असं मी सांगेन. खरखरीत कागदावर कोरडा कुंचला झपकन ओढला की रंग फक्त कागदाच्या उंचवट्यांवर बसतो आणि खळगे पांढरे राहतात. रामकुंडावरच्या पाण्यात उन्हाची चमचम मी अशीच आणते. लांबून ती चमक वाटते, जवळ गेल्यावर कळतं की तिथे रंगच नाही, कागद आहे.

काही चित्रकार चित्र उतरवून घेतलं जाऊ नये म्हणून उजवी क्लिक आणि बोटांचं ताणणं बंद करतात. मी केलेलं नाही. ज्यांची नजर कमी झाली आहे त्यांना त्याच ताणण्याचा आधार असतो.

रीडर मोड म्हणजे काय? तो वापरावा का?

पानावरचं इतर सगळं बाजूला करून फक्त मजकूर मोठ्या अक्षरात मांडतो तो रीडर मोड. फायरफॉक्समध्ये आणि एजमध्ये विंडोजवर एफ ९ दाबा. सफारीत तो पत्त्याच्या पट्टीतून मिळतो, क्रोममध्ये बाजूच्या पट्टीत उघडतो. घाटांवरचे आणि रंगसाहित्यावरचे माझे लेख लांब आहेत, ते खुशाल त्यात वाचा. चित्रांच्या दालनात मात्र तो चित्रांचा क्रम आणि माप दोन्ही घालवतो, आणि काही चित्रं दिसतच नाहीत.

माझ्या वडिलांना दिसत नाही. त्यांना साइटचा उपयोग होईल का?

होईल, आणि व्हावा म्हणून आम्ही खास मेहनत घेतली आहे. अँड्रॉइडवर टॉकबॅक, ॲपलवर व्हॉइसओव्हर, विंडोजवर एनव्हीडीए हे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारे वाचक चालतात. एनव्हीडीए मोफत आहे. प्रत्येक चित्रामागे मी मराठीत वर्णन लिहिलं आहे, ते वाचून दाखवलं जातं. "नदीचं चित्र" एवढं लिहून मी थांबत नाही. पहाट आहे की दुपार, पायऱ्या ओल्या आहेत की कोरड्या, नारोशंकराच्या देवळाची घंटा चित्रात कुठल्या बाजूला येते, हेही सांगते. एका काकांनी वर्णन ऐकून मला सांगितलं की लहानपणी पुराच्या वेळी ती घंटा वाजलेली ऐकल्याचं त्यांच्या घरात बोलत असत. पुढच्या वेळी घंटा काढताना तिच्याकडे मी निराळ्या नजरेने बघितलं.

उच्चार इंग्रजी वळणाचे येत असतील तर वाचकाचा आवाज मराठी निवडला आहे का ते बघा.

कुकीजना परवानगी द्यावी लागते का?

नाही. आम्ही जाहिराती दाखवत नाही आणि कुणाचा माग ठेवत नाही.

चित्राची प्रिंट काढून भिंतीवर लावली तर?

घरातल्या लहान मुलाला कॉपी करून शिकायचं असेल तर आनंदाने काढा. विक्रीसाठी किंवा दुकानात लावायला असेल तर आधी विचारा.

स्क्रीनवर बघून मूळ चित्र घ्यावं का?

माप आधी समजून घ्या. फोनवर सगळी चित्रं एकाच आकाराची दिसतात. प्रत्यक्षात हाफ शीट म्हणजे १५ बाय २२ इंच आणि पूर्ण इम्पीरियल २२ बाय ३०. घरच्या भिंतीवर तेवढ्या मापाचं वर्तमानपत्र चिकटवून चार दिवस बघा. प्रत्येक चित्राच्या शेवटच्या फोटोत कागदाच्या कडेला माझा हात आहे, तो मापाचा अंदाज यावा म्हणूनच ठेवला आहे.

नाशिकमध्ये किंवा आसपास असाल तर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय घेऊ नका. येताना तुमचा फोन आणा आणि तेच चित्र फोनवर उघडून ठेवा. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान या. माझ्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे, त्या वेळी उजेड सारखा असतो आणि दिवे लावावे लागत नाहीत.